गोंधळ्याच्या बिदागीचा हिशेब

तुळजापुरात मंगळवारी महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याने सहज चालत गेले, तरी तेथील बाजाराची शिस्त ध्यानात येते. नारळ, ओटीचे साहित्य, कवड्यांची माळ, परडी, देवीच्या तसबिरी, भक्तनिवासातील खोली, वाहनतळाची पावती, या साऱ्यांचे भाव ठरलेले आहेत. थोडी घासाघीस होते, नाही असे नाही. पण विकणारा आणि घेणारा या दोघांनाही भावाचा अंदाज असतो. याच गावात देवीच्या नावाने रात्र जागवणाऱ्या गोंधळ्याला मात्र बिदागी विचारली, तर दोनपैकी एक उत्तर मिळते. म्हातारा असेल तर तो म्हणतो, ‘आईच्या नावाने जे द्याल ते.’ तरुण असेल तर उलट विचारतो, ‘कार्यालय कुठले, किती तासांचा कार्यक्रम, आणि साउंड तुमचा की आमचा?’ या दोन उत्तरांच्या मधे सुमारे पाऊणशे वर्षांचा आर्थिक इतिहास दडलेला आहे. लोककलावंतांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा गहिवराच्या किंवा गौरवाच्या सुरात होते, म्हणून या इतिहासाकडे फारसे कोणी पाहत नाही.

गोंधळी हा जुन्या गावगाड्यात नेमका कोठे बसत होता, हे आधी पाहिले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली लिहिला. बलुतेदारांच्या खालोखाल गावात हक्क असणाऱ्या अलुतेदारांच्या ज्या याद्या जुन्या कागदांतून आणि ग्रंथांतून सापडतात, त्यांत तेली, तांबोळी, साळी, शिंपी यांच्याबरोबर गोंधळी येतो, भाट येतो, आणि ‘कलावंत’ असे स्वतंत्र नावही येते. म्हणजे आज ज्याला आपण स्वतंत्र कलावंत म्हणतो, त्याला गावाच्या अर्थव्यवस्थेत एक नेमून दिलेली जागा होती. ती मोठी नव्हती. सुगीला खळ्यावर मिळणारा वाटा बलुतेदाराच्या मानाने कमीच असे. पण यजमान घराणी आणि गावे ठरलेली असत, आणि एका गोंधळ्याच्या गावात दुसऱ्याने जाऊन संबळ वाजवायचे नाही, असा दंडक असे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही मर्यादित मक्तेदारी होती, आणि कोणत्याही मक्तेदारीप्रमाणे तिची किंमत कोणीतरी मोजत होता. येथे ती गोंधळ्याच्या मुलाने मोजली. त्याला दुसरा धंदा नव्हता, आणि गावात मान होता तो देवीच्या रात्रीपुरता.

ही व्यवस्था एका घावात मोडली नाही. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठवाड्यातील जहागिऱ्या १९४९ साली गेल्या, पाठोपाठ इनामांच्या निर्मूलनाचा कायदा आला. पश्चिम महाराष्ट्रात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. हे कायदे न्याय्य होते, आणि कलेच्या प्रेमापोटी त्यांच्याविषयी हळहळ करणे योग्य नाही. पण खळ्यावरचा वाटा कायद्याने गेला नाही. तो रोख पैशाच्या व्यवहाराने, विभागलेल्या शेतीने आणि शेवटी १९७२ च्या दुष्काळाने गेला. ज्या कुणब्याच्या खळ्यावर धान्यच आले नाही, तो अलुतेदाराला काय देणार? यजमान पुण्या-मुंबईला, भिवंडीला, सोलापूरच्या गिरण्यांत गेले. त्यांच्यामागे त्यांचे कुळाचार मात्र गेले, आणि येथेच गोंधळाची कथा इतर अनेक लोककलांपेक्षा वेगळी होते.

पुष्कळ लोककलांना आज गिऱ्हाईकच उरलेले नाही. गोंधळाला गिऱ्हाईक आहे. ज्यांची कुलदेवता तुळजाभवानी आहे अशी घराणी महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही पसरली आहेत, आणि लग्नानंतर गोंधळ घातल्याखेरीज कार्य पुरे झाले असे त्यांतल्या अनेकांना आजही वाटत नाही. शहरातील मध्यमवर्गाच्या हाती पैसा आल्यावर ही मागणी वाढली असली तर नवल नाही. ‘जागरण गोंधळ पार्टी’ अशी पाटी लावलेल्या गाड्या लग्नसराईत रस्तोरस्ती दिसतात. वास्तविक जागरण खंडोबाचे, ते वाघ्या-मुरळीने घालायचे. गोंधळ देवीचा, तो गोंधळ्याने. एकाच पार्टीने दोन्ही पत्करावीत, ही जाणकारांना खटकणारी गोष्ट आहे. परंतु व्यापारी भाषेत तिचा अर्थ सरळ आहे. दुकानदार जसा एकाच मालावर विसंबून राहत नाही, तसाच हा गोंधळीही राहत नाही.

मग अडचण कोठे आहे? ती समजण्यासाठी गोंधळाच्या रात्रीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. उसाचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव करून त्याखाली चौक मांडतात, घट बसवतात, दिवटी पेटते. पूर्वरंगात देवदेवतांना आवाहन असते. साऱ्या ठिकाणच्या देवतांना गोंधळाला बोलावले जाते. त्यानंतर उत्तररंगात आख्यान लागते. येथे नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, एखादी पुराणकथा किंवा राजाची कथा लावतो. ती गद्यात सांगतो, पद्यात गातो, साथीदाराशी हुज्जत घालतो, मध्येच समोर बसलेल्या यजमानाच्या काकाची फिरकी घेतो आणि पुन्हा कथेवर येतो. हे सारे पहाटेपर्यंत चालते आणि आरतीने संपते. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या विधिनाट्याचे धार्मिक आणि सांस्कृतिक अर्थ उलगडून दाखवले आहेत. त्यातील श्रमविभागणीकडे मात्र अर्थशास्त्र्यांनी पाहायला हवे होते.

कारण ही रात्र म्हणजे एक शाळाही होती. गोंधळ्याचे पोर प्रथम दिवटीला तेल घालायला शिके. मग त्याच्या हाती झांज येई. त्यानंतर तुणतुणे, आणि हात बसला की कमरेला संबळ. संबळावर दहा-पंधरा वर्षे काढताना आख्याने कानावर पडून पाठ होत, आणि मग कधीतरी नाईक थकला की त्याच्या जागी उभे राहण्याची वेळ येई. शिकाऊ, कसबी, उस्ताद अशा या पायऱ्या होत्या, आणि वरच्या पायरीला वाटाही मोठा, मानही मोठा. परभणीचे राजारामबापू कदम यांना ‘गोंधळमहर्षी’ म्हणून महाराष्ट्र ओळखतो, ते या शेवटच्या पायरीवरच्या कर्तबगारीमुळे.

आता मंगल कार्यालयाकडे वळावे. कार्यालय रात्री ठरलेल्या वेळी रिकामे करायचे असते. वऱ्हाडाला परतीची गाडी गाठायची असते. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर मनाई असते. त्यामुळे पहाटेपर्यंतचा गोंधळ दोन तासांत बसवावा लागतो. दोन तासांत काय बसते? चौक, आवाहन, चार लोकप्रिय गाणी आणि आरती. जे कापले जाते ते आख्यान. म्हणजे कलेतील जो भाग सर्वांत कष्टाने शिकावा लागतो, नेमक्या त्याच भागाला बाजारात मागणी उरलेली नाही. संबळ जोरात वाजवणारा पोरगा आणि माइकवर गाणारा गळा एवढ्यावर पार्टी उभी राहते. पंधरा वर्षे घालवून नाईक व्हावे, तर त्या पंधरा वर्षांचे मोल द्यायला कोणी नाही. जिना तळाशी शाबूत आहे, त्यावर चढणाऱ्यांची गर्दीही आहे, परंतु वरच्या पायऱ्या निखळल्या आहेत. एखाद्या विशीतल्या मुलाला तिशीत काय मिळेल ते दिसते. पन्नाशीत काय मिळेल ते दिसत नाही. आणि ज्या व्यवसायात पन्नाशीचे चित्र दिसत नाही, तो हुशार मुलगा सोडतो.

गोंधळ आखडत गेला यामागे केवळ शहरी उतावीळपणा आहे, असे मानू नये. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा असा की, कारखान्यात यंत्र आले की एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि त्याबरोबर मजुरीही वाढू शकते. पण चार वादकांसाठी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी रचलेले संगीत वाजवायला आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. बाहेर मजुरी वाढली की या वादकांनाही जास्त द्यावे लागते, परंतु त्यांचे उत्पादन तर वाढलेले नसते. म्हणून कला वर्षागणिक महाग होत जाते. आपल्या गोंधळाला हे तंतोतंत लागू पडते. पाच माणसांची एक रात्र ही पणजोबाच्या काळीही पाच माणसांचीच रात्र होती. पण त्या काळी त्या माणसाला दुसरीकडे काय मिळाले असते? आज तोच माणूस सोलापूरला किंवा पुण्याला रोजंदारीवर गेला, तरी त्याला मिळकत आहे. तेव्हा त्याची रात्र महाग होणार. आणि यजमान ती परवडेल इतकी लहान करून घेणार.

यावर एक उतारा विसाव्या शतकाने सुचवला, तो ध्वनिमुद्रणाचा. अल्फ्रेड मार्शलने आपल्या ग्रंथात श्रीमती बिलिंग्टन या गायिकेचे उदाहरण देऊन म्हटले होते की, माणसाचा आवाज जोवर ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो, तोवर गायकाच्या कमाईलाही मर्यादा राहणार. ती मर्यादा तबकडीने आणि नंतर कॅसेटने ओलांडली. १९८० नंतर स्वस्त कॅसेट निघाल्या आणि देवीची गाणी, आराधी गीते टपरीटपरीवर वाजू लागली. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा खणखणीत आवाज घराघरात पोहोचला तो याच काळात. पण शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, एकच आवाज सर्वत्र पोहोचू लागला की थोडे कलावंत फार मोठे होतात आणि बाकीच्यांचा बाजार आटतो. जत्रेत जेथे पूर्वी चार मेळे गात, तेथे एक कर्णा गाऊ लागला.

कॅसेटच्या व्यवहारात हक्काचा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही. पारंपरिक पदाला कवी नाही. कवी नाही म्हणून मानधनावर हक्क सांगणारा नाही. गाणाऱ्याच्या हातावर बहुधा एकदाच काय ते पैसे ठेवले गेले. प्रयोगकर्त्याचा स्वतंत्र हक्क भारतीय कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीत प्रथम मान्य केला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराबद्दल त्याला स्वामित्वधनाचाही अधिकार दिला. प्रयोगकर्ता कोण, याची कायद्यातील व्याख्या वाचण्याजोगी आहे: नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीला डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा असे सारे तीत एकत्र बसवले आहेत. प्राध्यापकवर्गाने या शेजाराबद्दल रुसू नये. गारुड्याला आणि व्याख्यात्याला जो हक्क आहे तो गोंधळ्यालाही आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हक्क बजावायला लेखी करार लागतो, आणि गोंधळाची सुपारी आजही तोंडी ठरते, फोनवर ठरते.

लेखी आणि तोंडी यांतील हा भेद तुळजापुरात विशेष ठळकपणे दिसतो. मंदिराच्या कारभारासाठी निजामी राजवटीत १९०९ साली ‘देऊळ-ए-कवायत’ ही नियमावली झाली. पूजाऱ्यांचे हक्क आणि कर्तव्ये यांचा वाद निघाला की आजही तिचा हवाला दिला जातो. क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. हक्क कागदावर असला की तो राजवट बदलली तरी टिकतो, तंट्यात मांडता येतो, मुलाला देता येतो. गोंधळ्याकडे होता तो रिवाज. रिवाज यजमानाच्या स्मरणावर जगतो, आणि यजमान गाव सोडून गेला की तो संपतो.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावचा तमाशा येथे तुलनेला घेता येईल. यात्रांच्या हंगामाच्या तोंडावर तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक येतात, फडफड तपासतात, तारखा पाहतात आणि सुपारी देतात. दहा राहुट्या शेजारी शेजारी असल्या की भाव आपोआप उघड होतो. गोंधळ्यांना असा बाजार नाही. एकाला दुसऱ्याची बिदागी ठाऊक नसते. परंतु नारायणगावचे उदाहरण भाबडेपणाने घेऊ नये. फडमालक हंगामाआधी सावकाराकडून उचल घेतो आणि हंगामभर व्याज फेडतो. पावसाने यात्रा बुडाली की फड बुडतो. याच गावच्या विठाबाई भाऊ मांग यांचा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झाला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा औषधोपचाराच्या पैशांची विवंचना होती. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य शासन आता दरवर्षी देते. भाव उघड झाला तरी उतारवयाची सोय होत नाही, हे यातून दिसते.

उतारवयासाठी शासनाची योजना आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची पद्धत महाराष्ट्रात १९५०च्या दशकापासून चालत आली. २०२४ मध्ये राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणींचा भेद काढून मासिक रक्कम ५ हजार रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण पन्नाशी उलटल्यावर कलावंत असल्याचा पुरावा मागितला जातो, तेव्हा म्हाताऱ्या नाईकाने काय दाखवावे? हस्तपत्रिका? प्रमाणपत्र? ज्याने आयुष्यभर यजमानाच्या अंगणात रात्री जागवल्या, त्याला कोणी पावती दिलेली नसते. मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली, ती १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत. पुढल्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. लग्ने मोजक्या माणसांत उरकली गेली. दोन लग्नसराया हातच्या गेल्या. शासनाने कलावंतांना एकरकमी साहाय्य जाहीर केले, तेव्हाही प्रश्न हाच आला की, ते द्यायचे कोणाला, नोंद कोठे आहे?

म्हणजे मुख्य उणीव मधल्या टप्प्यावर आहे. शिकण्याची सोय घरात होते, म्हातारपणी थोडे मानधन मिळू शकते. वीस ते पन्नास या वयात मात्र हा माणूस कोणाच्याच हिशेबात नाही. त्याला अनेक मालक आहेत, म्हणून एकही मालक नाही. हल्ली शहरात घरपोच माल पोहोचवणाऱ्या तरुणांना ‘गिग कामगार’ म्हणतात आणि त्यांच्या सुरक्षेची कायद्यात तरतूद झाली आहे. ‘गिग’ हा शब्द मुळात अमेरिकेतील जॅझ वाजवणाऱ्यांच्या बोलीतला, एका रात्रीच्या सुपारीला ते लोक तसे म्हणत. शब्द वादकांचा आणि सोय दुसऱ्यांची, अशी ही गंमत आहे.

अनेक मालक असलेल्या कष्टकऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवून दाखवला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची आणि मालकांची मंडळाकडे नोंद केली. मालकाने मजुरी आणि तीवर ठरावीक आकार मंडळात भरायचा, मंडळाने मजुरी द्यायची आणि त्या आकारातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा भागवायच्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे हे फळ. फ्रान्समध्ये नाटक-चित्रपटांतील हंगामी कलावंतांना दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो, तो याच विचाराने. लोककलावंतांसाठी असे मंडळ का नसावे? आकार भरणारे सापडतील: मंगल कार्यालये आहेत, ध्वनिफिती आणि चित्रफिती विकणाऱ्या कंपन्या आहेत, महोत्सव भरवणारी शासनाचीच खाती आहेत. चातुर्मासात, नवरात्राचे दिवस वगळता, हाती काम नसते. त्या महिन्यांना मंडळाचा आधार मिळाला, तर हंगामापुरती उचल घेण्याची वेळ येणार नाही. अंगणातल्या गोंधळाची नोंद कोण ठेवणार, हा आक्षेप खरा आहे, आणि मंडळाचे पुस्तक आले की दलाल येतात हा माथाडींचाही अनुभव आहे. पण या दोषांमुळे माथाडी कायदा नको होता, असे आज कोणी म्हणत नाही.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. गोंधळी समाज शासनाच्या यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये येतो. त्याला शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण आहे, आणि त्याचा लाभ घेऊन मुले शिक्षक, तलाठी, अभियंते होत आहेत. जातीने लादलेला धंदा सुटतो आहे, तर तो टिकवण्याची खटपट कशासाठी? हा प्रश्न विचारणारांचे म्हणणे टाळून पुढे जाता येणार नाही. ज्याला संबळ खाली ठेवायचे आहे त्याने ते खुशाल ठेवावे. कलेच्या संवर्धनासाठी एका जातीच्या मुलांनी गरीब राहावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्याला ते वाजवायचे आहे त्याला आज खरी निवड मिळते का? पदवी आणि संबळ यांत तो संबळ निवडतो, तर ते बुद्धिपुरस्सर की शिपायाची जागा मिळाली नाही म्हणून? आणि गोंधळ्याच्या घरी न जन्मलेल्या मुलीला आख्यान शिकायचे असले, तर ती कोठे जाणार? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. जेथे या कलेचे मूळ आहे त्या मुलखातल्या मुलांना ती दूर पडते.

तुळजापुरासाठी हा प्रश्न आता विशेष तातडीचा झाला आहे. मंदिर परिसराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा रेल्वेमार्ग पुरा झाल्यावर यात्रेकरू वाढतील ते निराळेच. अशा आराखड्यात दगडाचा दर असतो, रस्त्याच्या रुंदीचा हिशेब असतो. मंदिर संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय चालवून दाखवले आहे. आख्यानाची एक छोटी पाठशाळा त्याला अवघड नाही. पौर्णिमेच्या रात्री मंदिराच्या आवारात किंवा लगतच्या मोकळ्या जागेत एका नाईकाला पहाटेपर्यंतचे पुरे आख्यान लावू द्यावे, त्याची बिदागी आधी लिहून जाहीर करावी आणि सकाळी सही घेऊन हातात द्यावी. वर्षाला बारा नाईक झाले. त्यांच्याबरोबर चाळीस-पन्नास साथीदार. त्यांची नावे, गावे, कोणी कोणते आख्यान लावले, कोणाकडून शिकला, एवढे एका वहीत उतरले, तर मानधनाच्या अर्जाला लागणारा पुरावा आपसूक तयार होतो. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या यजमानालाही पुऱ्या रात्रीची बिदागी किती असते, हे प्रथमच कळेल. अश्विन पौर्णिमेला गावात सर्वाधिक गर्दी असते. त्या रात्रीपासून आरंभ करता येईल.